टाक्याच्या पाण्याचा चहा

गडावर पोचलं की आधी टाकं शोधायचं, त्यातलं पाणी रुमालातून गाळून घ्यायचं आणि तिथेच स्टोव्ह पेटवून चहा करायचा, ही माझ्या नवऱ्याची, निनादची, पुण्यातली सवय. लग्नाआधी मलाही त्या चहाचं कौतुक होतं. पुढे त्याच त्या गोष्टी ऐकून माझे कान किटले. दुबईत आमच्या करामाच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला, की निनाद त्याला बसल्या जागी कुठल्यातरी गडावर चढवून आणतो आणि मी आत पोहे परतत असते.

त्यामुळे रास अल खैमाच्या डोंगरात, अगदी वर, चुनखडीचं एक पठार आहे आणि त्यावर दगडी टाकं आहे, असा व्हिडिओ त्याला सापडला तेव्हाच मी ओळखलं की आता सुटका नाही. एप्रिल लागला होता. आपण डिसेंबरात जाऊ, असं मी म्हटलं.

"वर गार असतं, अनु. ट्रस्ट मी."

हे तो ऑफिसातल्या लोकांनाही सांगतो. ते ऐकतात, कारण त्यांना पगार मिळतो.

शनिवारी पहाटे निघालो. पाण्याच्या मोठ्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स मी स्वतः गाडीच्या डिकीत चढवला. खाली वाडीत, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रात, गाडी लावल्यावर निनाद म्हणाला, "बाटल्या मी सॅकमध्ये भरतो, तुम्ही दोघी चालायला लागा." आम्ही दोघी, म्हणजे मी आणि आमची तेरा वर्षांची शुभ्रा, एकेक छोटी बाटली गळ्यात अडकवून पुढे निघालो. त्याची सॅक फुगलेली दिसत होती. मी निर्धास्त होते.

चढ संपेपर्यंत दोन्ही छोट्या बाटल्या रिकाम्या झाल्या. आणि वर आल्यावर जे दिसलं, ते बघून मला कुणी मुद्दाम अपमान करायला इथवर बोलावलं असावं असं वाटलं. झाड म्हणून नाही. दूरवर करडा, फुटका, धारदार दगड. सुरीसारख्या कडा आणि मध्ये मध्ये भोकं, काही मूठभर, काही माणूस आत जाईल एवढी. इथे पडलेला पाऊस त्या भोकांतून सरळ खाली निघून जातो, वर काही ठेवत नाही. एका बाजूला पडकी दगडी घरं आणि दगड रचून केलेली ओसाड शेतं. बसायला सावली शोधली तर तीही नाही. हात टेकला तर तळवा कापला. मला त्या जागेचा राग आला, अगदी माणसाचा यावा तसा.

शुभ्रा एका भिंतीला टेकली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि घाम मात्र थांबला होता.

"आय ॲम फाइन," ती म्हणाली आणि तिथेच ओकली.

मी निनादच्या पाठीवरून सॅक ओढली आणि उघडली. आत स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेलं, दोरी, गाळणी, चहा, साखर, किसणी आणि आलं. पाण्याची एकही बाटली नाही.

"पाणी कुठाय?"

"डिकीत. एवढं ओझं कशाला आणायचं? वर टाकं आहे ना."

त्या क्षणी मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पोर समोर होती तरी बोलले. तो नेहमीसारखा हसला आणि पातेल्याला दोरी बांधायला लागला.

टाकं खरंच होतं. जमिनीत खोल बांधलेलं, वर पत्रा, पत्र्यावर दगड. निनादने दगड बाजूला केले, पत्रा सरकवला. तळाशी थोडं हिरवट पाणी दिसलं आणि मलासुद्धा, कबूल करते, हायसं वाटलं. त्याने पातेलं सोडलं, अर्धं भरून वर ओढलं आणि खिशातला रुमाल काढला.

तेवढ्यात मागून ओरडा आला. पडक्या घरांमधून एक माणूस काठी घेऊन पळत येत होता. मागे चार-पाच शेळ्या.

"रखो! नीचे रखो!"

"अरे भाई, थोडा पानी चाहिए बस. चाय बनाएँगे, तुम भी पियो," निनाद म्हणाला.

"ये बकरी का पानी है. बारिश का. अगली बारिश तक यही है. अरबाब को मैं क्या बोलूँ?"

अरबाब म्हणजे त्याचा मालक, शेळ्यांचा आणि टाक्याचाही. इथे माफी मागायची, पोरीकडे बोट दाखवायचं आणि गप्प राहायचं, एवढंच काम होतं. पण निनादला गडावर कुणी अडवलेलं नव्हतं.

"पानी किसी के बाप का नहीं होता," तो म्हणाला.

त्या माणसाने काठी खाली ठेवली. निनादच्या हातातलं पातेलं घेतलं आणि शेळ्यांच्या दगडी कुंडीत ओतलं. शेळ्या लगेच तोंड घालून प्यायला लागल्या. आम्ही तिघं बघत राहिलो. रिकामं पातेलं त्याने निनादच्या पायाशी टाकलं.

"इधर होता है," तो म्हणाला.

मी पुढे झाले. मला त्याचाही राग आला होता, पण राग पुढे करून भागणार नव्हतं. त्याचं नाव विचारलं. खैरुद्दीन, असं त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. "खैरुद्दीनभाई, मेरी बेटी को देखो. उल्टी हुई है. नीचे कैसे उतरेगी?"

त्याने शुभ्राकडे पाहिलं. चेहरा जराही मऊ झाला नाही. घरात गेला आणि एक भरलेली बाटली घेऊन आला, माझ्या हातात दिली.

"बच्ची का है. और तुम्हारा. इसका नहीं." त्याने निनादकडे हनुवटी केली. "यल्ला, जाओ."

उतरताना शुभ्राला मी घोटाघोटाने पाजलं. हळूहळू तिला घाम फुटला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी ओठ ओले केले. निनाद स्टोव्ह आणि आल्याचं ओझं घेऊन मागून येत होता. अर्ध्या वाटेवर तो थांबला. ओठ पांढरे पडले होते.

"अनु, एक घोट."

"ऐकलंस ना तो काय म्हणाला?"

"अगं, तो आता बघतोय का?"

"मी बघतेय."

मी झाकण घट्ट लावलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गाडीशी पोचल्यावर त्याने आधी डिकी उघडली. बॉक्स होता तसाच होता, प्लॅस्टिक न फाडलेला. त्याने एक बाटली ओढून काढली. पाणी उन्हाने आंघोळीच्या पाण्याइतकं तापलं होतं. मला वाटलं तो अधाशासारखा पिईल. पण तो न पिता झाकण उघडून ती शुभ्रासमोर धरून उभा राहिला.

"घे बाळा. हवं तेवढं पी."

शुभ्राने त्या बाटलीकडे पाहिलं, मग बापाकडे. माझ्या हातातल्या बाटलीत तळाशी हिरवट पाणी उरलं होतं.

"नो, इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. "आय विल टेक फ्रॉम आई."

आणि तिने माझ्याकडे हात पुढे केला.