एक्स अधिक हे

मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलसच्या वर्गात घरचं एक माणूस स्थिर धरायला आणावं लागतं. मी आमच्या ह्यांना आणलं.

चल, म्हणजे व्हेरिएबल, दोन असले की एकाला बदलू द्यायचं आणि दुसऱ्याला धरून ठेवायचं, अशी आमच्या गणित विभागाची रीतच आहे. बदलायचं विद्यार्थ्याने, म्हणजे एक्सने. वाय मागच्या बाकांवर बसतो. त्याला भूक लागत नाही, त्याची नखं वाढत नाहीत, पापणी लवत नाही. बहुतेक मुलं आजोबा, निवृत्त मामा, बिनलग्नाची आत्या अशी घरात सहज हाताशी असणारी माणसं आणतात. नवऱ्याला आणणारी मी एकटीच. नवरा असलेलीही मी एकटीच होते म्हणा. चाळिशीला टेकल्यावर या कोर्सला नाव घातलं तेव्हा नणंद म्हणालीच, "वहिनी, हे म्हणजे वरातीमागून घोडं." हे मात्र म्हणाले, "तू शिक गं. मी बसतो. बसायचंच तर आहे."

पहिल्या दिवशी टिकेकर सरांनी सगळ्यांना फळ्यावर आपापलं फंक्शन लिहायला लावलं. घरात आपण आणि ते माणूस कसे असतो, ते एका ओळीत लिहायचं. माझ्या शेजारच्या इरफानने लिहिलं, एक्सचा वर्ग गुणिले वाय. वाय म्हणजे त्याचे नाना. मी लिहिलं, एक्स अधिक वाय. गुणाकार आला की प्रॉडक्ट रूल लागतो, आणि तो मला बारावीपासून छळत आलाय. बेरीज बरी. एकेक पद सुटं करून सोडवता येतं.

"नक्की ना, ताई?" सरांनी विचारलं. सर माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला ताई म्हणायचे.

"हो सर. सुटसुटीत आहे."

मागे वळून पाहिलं तर हे मान डोलावत होते. बायकोला गणित कळतं याचा त्यांना कोण अभिमान. सर म्हणाले, "वाय स्थिर," आणि मागची सगळी माणसं होती तशी थांबली. ह्यांची मान डोलावता डोलावता जराशी उजवीकडे राहिली.

मग मी बदलत गेले. दर तासाला माझा बाक थोडा पुढे सरके. चष्म्याचा नंबर उतरला. रस्त्याने चालताना मी गुणगुणायला लागले. घरी एकटीपुरता भात लावायचा, गॅलरीत पाय पसरून गणितं सोडवायची. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मधल्या सुट्टीत मी मागे जाऊन ह्यांची कॉलर सारखी करी आणि सांगे, "अहो, आज मला लिमिट जमलं." मान तशीच उजवीकडे. मला वाटे, ऐकतायत.

दिवाळीनंतर सरांनी डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घ्यायला सुरुवात केली. इरफानच्या एक्सवरचा वर्ग उतरला आणि खाली येऊन दोन होऊन उभा राहिला, पण इरफान राहिला आणि नानाही राहिले. गुणिलेला वाय कुठे जात नाही. पुढची पाळी ज्ञानदाची. तिनेही माझ्यासारखी बेरीज लिहिली होती. सरांनी खडू टेकवला, सुट्या स्थिर पदाचं शून्य झालं आणि तिची आत्या बाकावरून नाहीशी झाली. बाकही गेला. मागची भिंत तेवढी पुढे सरकली. ज्ञानदा रडली नाही. आत्याशी तिचं एरवीही फारसं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "सर, मला गुणाकार करायचाय."

"फंक्शन एकदाच लिहायचं असतं, ताई."

"मी प्रॉडक्ट रूलला घाबरून बेरीज लिहिली हो."

इरफान खाली बघून म्हणाला, "काकू, वाय धरलेला असताना प्रॉडक्ट रूल लागतच नाही."

"मग आधी नाही का सांगायचंस!"

"तुम्ही विचारलंच नाही."

मी मागे धावले. बाकांमधली वाट अरुंद झाली होती, आडवं होऊन जावं लागत होतं. मी ह्यांचा शर्ट धरला, पाठीमागून दोन्ही मुठींत आवळून धरला. सर फळ्याशी बोलत होते, नेहमीच्याच आवाजात. एक्सचं एक. नुसत्या वायचं शून्य. माझ्या मुठी मिटलेल्याच राहिल्या आणि आत काही नव्हतं. भिंत माझ्या पाठीला येऊन टेकली.

"उत्तर एक," सर म्हणाले. "बरोबर आहे. पैकीच्या पैकी, ताई."

गणितात पैकीच्या पैकी मला जन्मात कधी मिळाले नव्हते. मी माझ्या बाकावर परत येऊन ओक्साबोक्शी रडले. मुलांनी सभ्यपणे वह्यांत डोकी घातली.

"उलटं करा ना सर," मी म्हणाले. "इंटिग्रेट करा."

"करता येईल. पण परत येईल ते वायचं कुठलंही फंक्शन असेल. तुमचंच येईल असं नाही."

"कुठलंही चालेल."

सरांनी फळ्यावर तो लांब उभा एस काढला. वर्गाचं दार उघडलं आणि हे आत आले. त्यांच्या मागून हे आत आले. एकाला मिशी होती. एकाचं टक्कल पडलं होतं. एक लंगडत होता, एक रागावलेला होता, एकाच्या खिशाला दोन पेनं होती. चेहरा सगळ्यांचा एकच. भिंत त्यांच्यासाठी मागे मागे जात होती आणि ते ओळीने बसत होते.

"सगळे बरोबर आहेत," सर म्हणाले. "एक कंडिशन द्या, म्हणजे बाकीचे जातील. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट, अगदी खात्रीची."

"मी माहेरून आले की हे स्टँडवर येतात. माझ्या हातातली पिशवी काढून घेतात."

"त्यात एक्स आला. नुसता वाय पाहिजे."

"आजारी पडले की मला हाक मारत नाहीत, नुसतं कण्हतात. मी उठेपर्यंत."

"एक्स आलाच, ताई."

"दिगंबर," मी म्हणाले. उखाण्याशिवाय हे नाव मी पहिल्यांदा घेतलं. सगळ्यांनी हजेरीसारखे हात वर केले.

"काकू, त्यांना आवडतं काय?" इरफान कुजबुजला.

"कारल्याची भाजी."

"आवडते, की तुम्ही करता म्हणून खातात?" सरांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला माहीत नव्हतं. मी घरात नसताना हे काय करतात, कुठल्या खुर्चीत बसतात, बसतात तरी का, मला काहीच माहीत नव्हतं. वीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले, त्याच्याबद्दल माझ्याशिवायचं एक वाक्य मला करता येईना. काखेत कळसा म्हणतात. मी काखेत काय आहे तेच कधी काढून पाहिलं नव्हतं.

"विचार करा," सर म्हणाले. "घाई नाही." आणि त्यांनी पुढचं गणित घेतलं.

दारातून अजून माणसं येत होती. मागचे बाक भरले, मधले भरले. निळ्या चौकडीच्या शर्टातला एक जण जागा शोधत माझ्या बाकापाशी आला.

"इथं कोणी बसतं का?" त्याने विचारलं. आवाज ह्यांचाच होता.

मी दप्तर उचलून मांडीवर घेतलं. तो बसला, अनोळखी बाईशेजारी ठेवतात तेवढं अंतर ठेवून, आणि फळ्याकडे बघू लागला.