मधली वाट

“आता एवढं सांगा तात्या, अमेरिकेतलं गाडी चालवणं भारी का जर्मनीतलं?”

केरबानं चहाचा कप तात्यासोंच्या हातात दिला आणि तो रुग्णवाहिकेच्या मागच्या पायरीवर टेकला. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्याच्या पाठीमागं पत्र्याची शेड आहे. दोन रुग्णवाहिका तिथं उभ्या असतात आणि बोलावणं येईपर्यंत ड्रायव्हर तिथंच बसून असतात. तात्यासो मगदूम यांची सगळी नोकरी या शेडमध्ये गेली. केरबा त्यांच्याच हाताखाली शिकला आणि आता तोच इथला मुख्य ड्रायव्हर आहे. निवृत्त झाल्यावर तात्यासो हातकणंगल्याच्या घरी राहायला गेले. मुलगा जिनेंद्र अमेरिकेत, मुलगी आदिती जर्मनीत. दोघांकडे राहून ते नुकतेच परतले होते आणि आज जुन्या सोबत्यांना भेटायला आले होते.

“गाडी मोठी अमेरिकेची,” तात्यासो म्हणाले. “जिनेंद्रच्या शेजारी एक माणूस एकटाच ऱ्हातोय. त्याची गाडी आपल्या ह्या अँब्युलन्सपेक्षा उंच. मागं हौदा हाय. त्या हौद्यात मी कधी वैरणीची पेंडी बी बघितली न्हाय.”

“मग घेतलीया कशाला?” दवाखान्याचे वॉचमन गणपतराव खुर्ची ओढत म्हणाले.

“घरात कोण न्हाय, गाडी तरी मोठी नको व्हय?”

केरबा हसला. तात्यासो एरवी कमी बोलायचे, पण गाड्यांचा विषय निघाला की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा.

“आणि गिअर न्हाईत. डाव्या पायाला कामच न्हाय. जिनेंद्र मला म्हणतोय, अण्णा, तुम्ही पाय का हलवताय? मी शेजारच्या शिटावर बसून क्लच दाबत हुतो.”

“आणि रस्तं?”

“रस्तं रुंद. पण चालत जायाला जागा न्हाय. दूध आणायला गाडी, औषध गाडीत बसून खिडकीतनंच घ्यायचं. एक दिवस मी चालतच निघालो दुधाला, तर एका बाईनं गाडी थांबवून इचारलं, काय अडचण हाय का म्हणून. तिला वाटलं, ह्या म्हाताऱ्याला घरच्यांनी सोडलंय.” तात्यासोंनी चहाचा घोट घेतला. “पर शिस्त बघण्यासारखी. शाळेची पिवळी बस थांबली आणि तिचं लाल दिवं लागलं, की मागच्याबी गाड्या थांबत्यात आणि समोरनं येणाऱ्याबी. एक पोरगी उतरत हुती, दप्तर सावरत, आरामात. तिला रस्ता ओलांडायचाबी नव्हता. तरी समदी थांबली. कुणी हॉर्न दिला न्हाय. आणि चौकात सिग्नल नसला तर चारी बाजूला थांबा म्हणून पाटी. जो आधी आला त्यो आधी जाणार.”

“कोण आधी आलं ते कोण ठरवतंय?” गणपतरावांनी विचारलं.

“ज्याला त्याला कळतंय की.”

गणपतरावांनी मान वळवून बाहेरच्या चौकाकडे पाहिलं.

“आणि पोरीकडं?” केरबा म्हणाला.

“तिकडं उलटं. गाड्या ल्हान, गल्ल्या आपल्या जुन्या पेठांगत. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकजण मागं सरून कोपऱ्यात उभा ऱ्हातोय आणि दुसरा हात करून जातोय. गिअरची गाडी हाय आदितीची. पहिल्यांदा तिनं गिअर टाकल्याला ऐकला तवा बरं वाटलं बघ मला. आणि लायसन कसलं अवघड. आपलं लायसन सहा म्हैने चालतंय, मग पुन्हा परीक्षा. आदिती एकदा नापास झाली.”

“आदिती? तिनं तर इथं ट्रॅक्टर चालवलाय.”

“उजवीकडं वळताना मान वळवून मागं बघितलं न्हाय. सायकलवाला असता तर, असं म्हणाला सायब. नव्हता सायकलवाला. पर असता तर.” तात्यासोंनी बोट वर केलं. “हे मला पटलं. आणि लायसनच्या आधी जखमी माणसाला कसं हाताळायचं ते शिकावंच लागतंय. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला. अमेरिकेत रस्ता रुंद केलाय म्हणून गाडी मावती. तिकडं माणूसच जरा आकसून घेतोय.”

“आणि अँब्युलन्सला?” केरबानं विचारलं. हा त्याचा खरा प्रश्न होता.

“अमेरिकेत सायरन ऐकला की समदी उजव्या कडंला जाऊन थांबत्यात.”

“आणि जर्मनीत?”

तात्यासोंनी कप खाली ठेवला. “तिकडंबी देत्यात वाट,” एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. जैन रिवाजाप्रमाणे दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं. केरबाच्या खांद्यावर हात ठेवून ते उठले.

जर्मनीतलं ते त्यांना शेडमध्ये बसून सांगता आलं नसतं.

त्यांच्या बायकोला, प्रभावतीला, याच दवाखान्याच्या गाडीतून आणलं होतं, तेव्हा गाडी तात्यासोच चालवत होते. त्या दिवशी ते एका पेशंटला हातकणंगल्यात सोडून परत निघाले होते आणि तिथल्याच घरून ती कोसळल्याचा फोन आला. आदिती तेव्हा कॉलेजात शिकत होती. ती आईजवळ मागे बसली. उसाचे दिवस होते. रस्त्यात एक ट्रॉली कलंडली होती आणि दोन्ही बाजूंनी गाड्या घुसून एकमेकींसमोर अडकल्या होत्या. तात्यासोंनी सायरन चालू ठेवला, हॉर्न दिला, काच खाली करून हात जोडले. वाट मिळाली, पण फार उशिरा. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी गाडीतच तपासलं आणि तात्यासोंच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्याच आठवड्यात ते कामावर हजर झाले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी शेकडो माणसं वाहून नेली. आदिती शिकली, जर्मनीत यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला लागली. पण त्या दिवसाबद्दल बाप आणि लेक एकमेकांशी कधीही बोलले नाहीत. फोनवर हवा, जेवण, ऊस, पाऊस, सगळं बोलणं व्हायचं. ते एक सोडून.

जर्मनीत तो उन्हाळा होता. दिवस मावळायलाच तयार नसायचा आणि तात्यासोंचं जेवण रोज लांबायचं. एका रविवारी आदिती त्यांना जवळच्या तळ्यावर घेऊन निघाली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर डावीकडून एक काळी गाडी अशी गेली, की तात्यासोंना ती दिसण्याआधी तिचा आवाज ऐकू आला.

“इथं वेगाला बंधन न्हाय?”

“ह्या तुकड्यावर न्हाय, अण्णा. पण डावी पट्टी फक्त पुढं जायला. गेलं की परत उजवीकडं यायचं. उजव्या बाजूनं कुणी कुणाच्या पुढं जायचं न्हाय.”

“मग भ्या वाटत न्हाय?”

“समोरचा काय करणार हे माहीत असतंय. म्हणून वाटत न्हाय.”

थोडं पुढं गेल्यावर समोरच्या गाड्यांचे दिवे लुकलुकू लागले आणि वेग कमी झाला. पुढं कुठंतरी अपघात झाला असावा. रस्त्याला तीन पट्ट्या होत्या. आदिती सगळ्यांत डावीकडच्या पट्टीत होती. गाडी अजून पुरती थांबलीही नव्हती, तोच तिनं ती आणखी डावीकडे, पार कठड्याला घासेल इतकी नेली. तात्यासोंनी मान पुढं काढून पाहिलं. त्यांच्या पुढची गाडीही डावीकडे सरकली होती. तिच्या पुढचीही. आणि शेजारच्या दोन्ही पट्ट्यांतल्या गाड्या उजवीकडे सरकत होत्या. मोठमोठे मालट्रक कडेच्या पट्टीवर चाकं घालून उभे राहिले. डोळ्यांदेखत त्या तुंबलेल्या रस्त्याच्या मधोमध एक सरळ, रिकामी वाट तयार झाली. सायरनचा आवाज कुठेच नव्हता.

“अँब्युलन्स आली?” तात्यासोंनी विचारलं.

“न्हाय अजून.”

“मग?”

“येईल म्हणून, अण्णा. वेग कमी झाला की आधी वाट करायची. नंतर गाड्या चिकटून उभ्या राहिल्या की करता येत न्हाय.” मग ती म्हणाली, “सगळेच करतात असं न्हाय. इथंबी मधे घुसणारे हाईत. मोठा दंड हाय त्याला. पण बहुतेक करतात.”

तात्यासो त्या रिकाम्या वाटेकडे पाहत राहिले. पुढच्या गाडीतल्या माणसानं इंजिन बंद केलं आणि खिडकीबाहेर कोपर काढून तोही वाट पाहू लागला. मग मागून सायरन आला. पिवळी-लाल गाडी त्या वाटेवरून गेली, एकदाही ब्रेक न लावता. तिच्या वाऱ्यानं आदितीची गाडी किंचित हलली. तात्यासोंना त्या ड्रायव्हरचा चेहरा क्षणभर दिसला. तरुण पोरगा होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, चेहऱ्यावर घाई नव्हती. तात्यासोंच्या साऱ्या नोकरीत त्यांना असं एकदाही चालवायला मिळालं नव्हतं.

गाडी गेल्यावर त्यांना कळलं की आपण रडतोय. आदितीनं गाडी बंद केली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, समोर पाहतच ती म्हणाली, “मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मीबी अशीच. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा गाडी काढली.”

“तू मागं हुतीस त्या दिवशी,” तात्यासो म्हणाले. “सायरनमधी मला कायबी ऐकू येत नव्हतं. काय म्हणत हुती ती?”

आदितीनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“तुम्ही सारखा हॉर्न देत होता. आई म्हणाली, ह्यांना म्हणावं दमानं घ्या. कारखान्याचा रस्ता हाय, पोरंबाळं मधे येतात.”

“एवढंच?”

“दोनदा म्हणाली. मी काच वाजवली होती. तुम्हाला ऐकू गेलं न्हाय.”

तात्यासोंनी डोळे पुसले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती मागं पडल्या पडल्या आपल्याला हाक मारत असेल, लवकर चला म्हणत असेल. “तिला माझ्या गाडी चालवण्याची कायम काळजी,” ते म्हणाले, आणि आदिती रडत रडत हसली. गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत दोघं प्रभावतीबद्दल बोलत राहिली. तळ्यावर पोचायला उशीर झाला, आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

शेडमधून निघून तात्यासो हातकणंगल्याच्या वडापमध्ये बसले. जीप दाबून भरली होती. हंगाम सुरू झाला होता, त्यामुळे उसानं भरलेल्या ट्रॉल्या सगळ्या रस्त्यावर होत्या. निम्म्या वाटेवर जीप थांबली. पुढं एका ट्रॉलीचं चाक निखळलं होतं. वडापवाल्यानं नेहमीप्रमाणे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जीप घातली, त्याच्या मागं एक टेंपो घुसला, आणि समोरून येणाऱ्यांनीही तेच केलं. पाचेक मिनिटांत कुणालाच हलता येईना.

तेवढ्यात समोरून सायरन ऐकू आला. आवाज जवळ येत नव्हता, एका जागी अडकला होता. तात्यासोंनी हातातली पिशवी शेजारच्या बाईकडे दिली आणि ते खाली उतरले.

ते आधी स्वतःच्याच जीपवाल्याकडे गेले. “पावणं, मागं घ्या आणि डाव्या अंगाला लावा.”

“कुठं लावू? खड्ड्यात?”

“एक चाक खड्ड्यात जाऊ द्या. मी सांगतो की, या.”

जीपवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, विनंतीही नव्हती. त्यानं गाडी मागं घेतली. मग टेंपो. टेंपोवाला तयार होईना, तेव्हा तात्यासोंनी मोटारसायकलवरच्या दोघांना आधी चिखलात उतरवलं आणि त्याला जागा करून दाखवली. ते एकेका खिडकीशी जात होते. डाव्या अंगाला घ्या. आणखी जरा. बास. समोरच्या बाजूला गेल्यावर त्यांनी तेच सांगितलं. एका मोटारवाल्यानं काच खाली केलीच नाही. तात्यासो त्याच्या काचेपाशी तसेच उभे राहिले, शेवटी त्यानं गाडी हलवली. उतरलेल्या माणसांपैकी काहीजण आता आपणहून पुढच्या गाड्यांना हात करू लागले. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली शेताच्या कडेला घातली, मोळ्या घसरून खाली पडल्या.

वाट झाली. सरळ नव्हती, वाकडीतिकडी होती, दोन ठिकाणी जेमतेम गाडी जाईल एवढीच. रुग्णवाहिका सावकाश पुढं आली. कुठल्या तरी दुसऱ्याच दवाखान्याची होती. तात्यासो तिच्या पुढं उलटे चालत, दोन्ही हातांनी इशारा करत तिला अरुंद जागेतून काढत गेले. मोकळा रस्ता आला तसे ते बाजूला झाले. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, त्याची नजर समोरच होती. गिअर बदलला आणि गाडी कोल्हापूरच्या दिशेनं निघाली. त्यानं पाहिलं नाही हे तात्यासोंना आवडलं.

मागं गाड्या पुन्हा मधोमध सरकू लागल्या होत्या. ट्रॅक्टरवाला खाली उतरून मोळ्या गोळा करत होता. त्यानं विचारलं, “मामा, तुमचं कोण हुतं का आत?”

“पेशंट हुता,” तात्यासो म्हणाले.

पलीकडून वडापवाला त्यांना हाका मारत होता. त्यांनी येतो म्हणून हात वर केला, पण ते लगेच हलले नाहीत. चिखलानं भरलेल्या पायांनी, कोल्हापूरकडे तोंड करून, सायरन ऐकू येईनासा होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले.