काळ्या मातीच्या दोन नळ्या

बावीस वर्षं मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नळ्या भरते आणि चिठ्ठ्या लावते. या हाताची चिठ्ठी कधी चुकलेली नाही, हे मी येईल त्याला ऐकवते, कुणी विचारो न विचारो. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण शिकलेल्या. मला मावशी म्हणतात आणि माझी बडबड ऐकून घेतात.

यंदा मॅडमनी बायोचार घेतला, म्हणजे हवा कोंडून भाजलेल्या काडीकचऱ्याचा कोळसा. तो मातीत कालवला की पाणी कसं झिरपतं ते बघायचं. दोन नळ्या वाळूच्या, दोन चिकण काळ्या मातीच्या; प्रत्येक जोडीतल्या एकीत कोळसा. काळी माती माझ्या धाकट्या भावाच्या शेतातली. तिथे पाऊस थांबला तरी आठवडाभर पाणी हटत नाही, मुळं कुजतात. कोळशाने निचरा होणार असेल तर टाकतो, नाहीतर शेत विकतो, असं त्याने ठरवलं होतं.

कोळसा पाणी अडवतो, असा मॅडमचा अंदाज. वाळूत झालंही तसंच. काळ्या मातीत मात्र सगळं उलटं. साधी माती एक थेंब सोडायला कां कूं करत होती आणि कोळशाची चिठ्ठी असलेली नळी आपली भराभर गळत होती.

"मावशी, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का हो? होतं असं कधीकधी," मॅडम म्हणाल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. आत जाऊन काचेची भांडी आदळआपट करत घासली. घासता घासता आठवलं, नळ्या भरताना मी फोन मानेत धरून नवऱ्याशी सिलिंडरवरून भांडत होते. मग मन खायला लागलं. काळ्या मातीत काळा कोळसा, नुसतं बघून कोण सांगणार? दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्या दोन चिठ्ठ्या हळूच बदलल्या. वर शहाजोगपणे म्हटलं, "परत बघा बरं मॅडम, तुमच्याच वाचण्यात गडबड झाली असेल."

त्यांनी बघितलं, कपाळाला हात लावला आणि चक्क माझी माफी मागितली. मग भावाला फोन करून सांगितलं की कोळसा टाकू नका, पाणी आणखी साचेल.

संध्याकाळी त्याचा मला फोन आला. "विकतो मग, ताई," एवढंच म्हणाला. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी दोन्ही नळ्यांतली चमचा चमचा माती ओव्हनमध्ये वाळवली आणि पाण्याच्या ग्लासात टाकली. कोळसा हलका, तो तरंगतो. 'साधी' म्हणून चिठ्ठी लावलेल्या नळीतले काळे कण टुणकन वर आले. माझी पहिली चिठ्ठी बरोबर होती. चिठ्ठ्या गुपचूप परत फिरवाव्यात, असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण भावाचा आवाज कानातून जाईना. ग्लास घेऊन मी मॅडमच्या टेबलाशी गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ग्लास उचलून उजेडात धरला. "वाळूतल्या मोठ्या फटी हा बुजवतो," त्या हळूच म्हणाल्या, "आणि चिकण मातीत जागाच नसते, तिथे फटी पाडतो. म्हणजे अंदाज माझाच चुकला होता." मग माझ्याकडे वळल्या. "पण काल मी तुमची माफी मागितली, मावशी."

त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. मान वर करायची सोय राहिली नाही.

त्यांनी भावाचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा. सगळं."

सांगितलं. चिठ्ठ्या, दुपार, थाप, काही वगळलं नाही.

"शेत बघायला माणूस आलाय," तो म्हणाला. "बांधावर उभा आहे."

"त्याला परत पाठव रे," म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, ताई," तो म्हणाला. "किती कोळसा लागेल ते विचार."