दरीवरचा झोका

दाताच्या डॉक्टरला चेष्टेची फार हौस. पेशंटच्या तोंडात यंत्र घातलेलं असताना तो विनोद सांगायचा, कारण तेव्हा पेशंटला उठून जाता यायचं नाही. घरी हा मान बायकोला होता. ती त्याच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची, फोन घ्यायची, वेळा द्यायची. अंगानं भरलेली होती, म्हणून तो तिला ‘पोतं’ म्हणायचा. आधी एकांतात म्हणायचा, मग चारचौघांत. त्याची धाकटी बहीण, चाळिशीला टेकली तरी जिला घरात सगळे छकुली म्हणत, तीही आता लाडानं ‘आमची पोतं वहिनी’ म्हणू लागली होती.

परदेशात फिरायला चौघं मिळून गेले होते. डॉक्टर, बायको, छकुली आणि तिचा नवरा. त्या दिवशी डोंगरातल्या साहसी खेळांचा बेत होता. सकाळी रबरी होडीतून नदी, दुपारी तारेवरून घसरणं आणि शेवटी दरीवरचा झोका. उंच चौथऱ्यावरून उडी टाकायची, दोर ताणला की माणूस झोक्यासारखा दरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचा.

झोक्याआधी वजन करायचं होतं. काट्यापाशी उभी असलेली बाई आकडा मोठ्यानं वाचायची आणि जाड पेनानं मनगटामागे लिहायची. बायकोचा आकडा वाचला गेला तसा डॉक्टर म्हणाला, “दोर नवा आहे ना, एवढं विचारून घ्या.” छकुली हसून वाकली. तिचा नवराही हसला, पण जरा दुसरीकडे बघून. रांगेतल्या लोकांना भाषा कळत नव्हती, तरी बोट कुणाकडे आहे ते कळलं. बायकोनं बाही ओढून हात झाकला.

छकुली आणि तिच्या नवऱ्यानं आधी उड्या मारल्या आणि ते पलीकडच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. इकडे चौथऱ्यावर नवरा-बायको आणि पट्टे बांधणारा माणूस, एवढेच उरले.

डॉक्टर पुढं झाला. कडेला पाय लावला, खाली पाहिलं आणि त्यानं लोखंडी कठडा जो धरला तो सोडेचना. पट्टेवाल्यानं आकडे मोजले. पुन्हा मोजले. डॉक्टरची बोबडी वळली होती. “नको, नको,” एवढंच तो म्हणत होता, आणि तेही मराठीत. पट्टेवाल्यानं त्याला मागं ओढून पट्टे सोडवायला घेतले, तेव्हा बायकोला दिसलं की त्याच्या फिकट पँटवर ओला डाग खाली पसरतो आहे.

तोही तिच्याकडे पाहत होता. वीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

तिनं अंगातलं जॅकेट काढलं. बाह्या त्याच्या कमरेभोवती आणून पुढं गाठ मारली, लहान मुलाला मारावी तशी.

“तुम्ही मागच्या जिन्यानं उतरा,” ती म्हणाली. “मी उडी मारते. सगळे माझ्याकडे बघतील.”

“तू? तुला जमणार आहे का?”

“उतरा तुम्ही.”

भीती तिलाही होतीच. पण पलीकडून छकुली ओरडत होती, “दादा, काय झालं?” आणि दादा अजून जिन्यावरच होता. ती पुढं झाली आणि तिनं स्वतःला सोडून दिलं. तोंडातून किंकाळी निघाली, आणि मग दोरानं तिला झेललं. दरी तिच्याखालून सरकत गेली, परत आली, पुन्हा गेली. तिला आपलं वजन जाणवत नव्हतं. तिसऱ्या फेरीला ती हसायला लागली, एकटीच, मोठमोठ्यानं.

ती वर आली तेव्हा डॉक्टर ओट्यावर पोचून गोष्ट सांगत होता. गुडघा मुरगळला, नाहीतर त्यानं दोनदा मारली असती. “आणि हिची किंकाळी ऐकलीत ना? दरीतली पाखरं देश सोडून गेली असतील!” त्यानं तिची नक्कल केली, डोळे फिरवून, हात झाडून. छकुलीची हसता हसता पुरेवाट झाली. बायकोला वाटलं, घाबरलेला माणूस आहे, बोलू दे.

परतताना गाडी डॉक्टरच चालवत होता. वाटेत घाटात एक छोटं दुकान आणि त्यामागं स्वच्छतागृह होतं. ती म्हणाली, “मी आलेच,” आणि पर्स सीटवर ठेवूनच उतरली. फोन, पासपोर्ट, सगळं पर्समध्ये. बाहेर आली तर गाडी नव्हती.

चेष्टा आहे हे तिला लगेच कळलं. वळणापलीकडे थांबले असतील, आता येतील. ती रस्त्याकडेला उभी राहिली. कुणी आलं नाही. दुकानदारानं आतला दिवा मालवला, फळी लावली, तिला खुणेनं काहीतरी विचारलं. तिनं हसून मान हलवली. तोही आपल्या दुचाकीवरून निघून गेला. ऊन डोंगराआड गेलं आणि वारा अंगाला चावायला लागला. पातळ कुर्त्यात ती कुडकुडत होती. हॉटेलचं नाव तिला आठवेना. ते आठवून तरी कुणाला सांगायचं? एक मालमोटार हळू झाली, चालकानं काच खाली केली, तिच्याकडे पाहून काहीतरी बोलला आणि हसला. ती दुकानामागं पळाली आणि मोटार जाईपर्यंत भिंतीला चिकटून बसली. तिथंच तिला रडू आलं.

गाडी आली तेव्हा छकुली काच खाली करून फोनवर तिचं चित्रण करत होती. “वहिनी, रडलीस? अगं, खरंच रडलीस!”

ती आत बसली. दात वाजत होते.

छकुलीचा नवरा ओशाळून म्हणाला, “वहिनी, मी म्हणत होतो वळवू या म्हणून. दादाच म्हणाले, अजून थोडं थांबू, पोतं हवेशीर होऊ दे.”

डॉक्टर पुढं बघत हसत होता. “गंमत कळत नाही हिला.”

“कळते,” ती म्हणाली. “मीही एक सांगते. छकुली, तुझ्या दादाचा गुडघा मुरगळलेला नाही. चौथऱ्यावर त्यांना चड्डीत झाली. माझं जॅकेट त्यासाठीच बांधलंय. हात लावून बघ, अजून ओलं असेल.”

छकुलीला हसू फुटलं. “दादा! खरंच?” तिनं मागून हात घालून जॅकेट ओढलं, आणि किंचाळून हात झटकला. तिचा नवराही आता तोंड न लपवता हसत होता. डॉक्टरनं त्यांच्याबरोबर हसायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली. त्याचे कान लाल होताना बायको मागून पाहत होती. तिला दया आली नाही. उलट अंगात ऊब आल्यासारखं वाटलं.

ती ऊब सकाळपर्यंत टिकली नाही. नाश्त्याला छकुलीच फुरंगटून बसली होती. “आम्ही चेष्टा करतो वहिनी, पण नवऱ्याची लाज अशी कुणी चव्हाट्यावर मांडतं का? आईला सांगितलं मी. आई रडली.” तिचा नवरा पावाला लोणी लावत राहिला. उरलेले दिवस ते तिघं पुढं चालत आणि ती मागं. परतीच्या विमानात डॉक्टरनं जागा बदलून घेतली.

घरी पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधीच तो म्हणाला, “दवाखान्यात आता येऊ नकोस. मी कामाला एक मुलगी बघितली आहे.” त्या दिवसानंतर त्यानं तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

मुलगी आली. पण वेळा कशा द्यायच्या, कोण ऐनवेळी रद्द करतं, सुया-कात्र्या उकळायचं यंत्र कसं लावायचं, हे तिला कोण शिकवणार? तेवढ्यासाठी डॉक्टरनं छकुलीकरवी निरोप धाडला, आणि बायको गेली. तिनं सगळं नीट, पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. आत खुर्चीतल्या पेशंटला डॉक्टर कुठलासा विनोद सांगत होता, त्याचा आवाज येत होता.

“डॉक्टर स्वभावानं कसे आहेत हो?” मुलीनं हळूच विचारलं.

बायकोनं तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी लुकडी होती, दातांना तार लावलेली, आणि बोलताना तोंडावर हात धरत होती. सावध करावं असं बायकोच्या मनात आलं, ओठांवरही आलं.

“छान आहेत,” ती म्हणाली, आणि टेबलाची खुर्ची तिच्याकडे सरकवली.