साबणाच्या डबीतला दुसरा नाकतोडा

कोरीटच्या फाट्यावर दोधूचं पंक्चरचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे, एक हवेचं मशीन आणि ट्यूब बुडवून बघायला पाण्याचं घमेलं. पंक्चर दहा मिनिटांत निघायचं, पण गिऱ्हाईक तासभर हलायचं नाही, कारण दोधूचा खरा धंदा लोकांची फिरकी घेण्याचा. पन्नाशी उलटली, ढेरी सुटली, तरी खोडी गेली नव्हती. शेजारच्या चहावाल्या ईश्वरच्या साखरेच्या डब्यात मीठ भरणं हा तर रोजचा नाश्ता. एकदा त्याने स्वतःच मेल्याचा फोन सासुरवाडीला लावला. दोन जीप भरून माणसं छाती बडवत आली, आणि हा दारात केळी खात बसलेला!

तेव्हापासून दोधू खरं बोलला तरी लोक आधी हसायचे आणि मग ऐकायचे.

यंदा भादव्यात त्याच्या हाती नवंच घबाड लागलं. दुकानातल्या बल्बवर संध्याकाळी हिरवे नाकतोडे यायचे, ते हात जोडून उभे राहणारे. त्यातला एखादा पोटाने टम्म फुगलेला असायचा. तो बल्ब सोडून सरळ घमेल्याकडे निघायचा आणि पाण्यात उडी टाकायचा. मग त्याच्या मागून काळा, वीतभर लांब, केसासारखा जंत वळवळत बाहेर यायचा. कृषी सहायक चेतनाताई एकदा गाडीत हवा भरायला थांबल्या होत्या, त्यांनी सांगितलं, "काका, हा परजीवी आहे. किड्याच्या पोटात वाढतो. मोठा झाला की त्याला स्वतःला पाणी लागतं, म्हणून किड्याच्या डोक्याचा ताबा घेतो आणि त्याला पाण्याकडे चालवत नेतो. किड्याला वाटतं आपणच चाललोय."

"आणि किडा?"

"बहुतेक मरतोच."

दोधूने पहिलं सगळं घेतलं आणि शेवटचं गाळून टाकलं. मेलेल्या किड्यावर टाळ्या कोण देणार?

दुसऱ्या दिवसापासून खेळ सुरू. कपाळाला ग्रीस फासायचं, डोळे पांढरे करायचे आणि भगतासारखं घुमायचं. "देखा रे देखा! येना पोटमा बला शे! पानी दावा, बला निंघी जाई!" फुगलेला नाकतोडा घमेल्याच्या काठावर सोडायचा. तो उडी घ्यायचा, केस निघायचा आणि पोरंसोरं किंचाळायची. या गोंधळात दोधू मेलेला किडा मुठीत दाबायचा आणि ट्यूबखाली लपवलेल्या साबणाच्या डबीतून दुसरा, सडपातळ, जिवंत नाकतोडा काढून सगळ्यांसमोर उडवून द्यायचा.

"गया ना मोकळा व्हईसन?"

"वा रे भगत!" ईश्वर टाळी द्यायचा. "मन्ही बायकोना पोटमातून कायतरी काढ ना. चार दिवसपासून बोलत नही."

"ते तुन्हा चहा पीसन व्हयनं," दोधू म्हणायचा, आणि अख्खा फाटा हसायचा.

न हसणारी एकच होती. सिंधुबाई.

ती गुजर वाड्यातली. नवरा कधीच गेला होता. तिचा एकुलता एक हेमराज सुरतेला मिलमध्ये होता. होळीला परत आला तो गप्पच. तिकडे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत बसायचा. रोज संध्याकाळी मात्र उठायचा, चपला न घालता तापीवर जायचा आणि तुंबलेल्या पाण्याकडे बघत उभा राहायचा. अंधार पडला की आई हाताला धरून घरी आणायची. नंदुरबारला डोक्याचा डॉक्टर आहे, असं चेतनाताईंनी दोनदा सुचवलं. सिंधुबाई भडकली होती. "मन्हा पोऱ्या पागल नही शे!"

अमावस्येच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती घमेल्याकडे बघत राहिली.

"दोधूभाऊ, तुन्हा नाकतोडाले किती येळ लागस रे? बला निंघाले?"

दोधू ट्यूब घासत होता. मान वर न करता त्याने आपलं नेहमीचं गाणं लावलं. "त्यानी मर्जी, वैनी. पन एक नेम शे. निंघस तवलोंग किडाले वर येऊ देवानं नही."

"आनि मंग तो जित्ता ऱ्हास ना?"

"तू देखं नही का? उडी गया ना!"

ती पहिल्यांदा हसली. जाताना त्याच्या घमेल्याला तिने हात लावून नमस्कार केला. दोधूला वाटलं, वैनीसुद्धा आता मस्करी करायला लागली. तो खूश झाला.

सर्वपित्री अमावस्येला सकाळपासून फाट्यावरून माणसं तापीला न्हायला चालली होती. ईश्वर चहा ओतता ओतता बोलला, "सिंधुबाई हेमराजले लई गयी. म्हने, त्याना पोटमा बी तसाच केस शे, तो त्याले पानीकडे वढस. आज निंघस तवलोंग बुडाडी ठेवसू म्हने. तुन्हाच नेम सांगी ऱ्हायनी रे, भगत!" आणि हसला.

दोधू हसला नाही. ट्यूबखालची डबी त्याने खिशात कोंबली, कालचा एक फुगलेला नाकतोडा डालड्याच्या डब्यात होता तोही घेतला, आणि फटफटीला लाथ मारली.

घाटावर गर्दी होती. हेमराज छातीइतक्या पाण्यात उभा होता, पाठ सगळ्यांकडे. सिंधुबाई लुगड्याचा काष्टा खोचून त्याच्यामागे, एक हात त्याच्या डोक्यावर.

"वैनी! थांब! खोटं शे बठ्ठं! मी फसाडं तुले!"

घाटावरची माणसं हसली. "उना रे दोधू उना! आज काय नवीन?"

सिंधुबाईने वळून बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. "आज तरी मस्करी नको करू रे भाऊ. मन्हा पोऱ्या शे हाऊ."

दोधूला हेमराजचा हात धरून त्याला बाहेर ओढता आलं असतं. पण उद्या तिने परत आणला असता, परवाही. दोधू कपड्यांसकट पाण्यात उतरला. पायरीवर तिचा पितळी लोटा होता, तो भरून त्याने तिच्यासमोर धरला.

"मंतर नही म्हनस. ग्रीस नही लावं. तू फक्त देख. आनि मन्हा हाताकडे देखजो, नाकतोडाकडे नही."

डालड्याच्या डब्यातून सोडलेला फुगलेला नाकतोडा लोट्याच्या काठावर आला, थबकला आणि आत पडला. थोड्या वेळाने काळा केस सुटत सुटत बाहेर आला आणि तळाशी गाठी मारत फिरायला लागला. नाकतोडा एक पाय झाडत होता.

"आते उडी," सिंधुबाई पुटपुटली.

दोधूच्या दोन्ही हातांची बोटं लोट्याला घट्ट. पाय झाडणं थांबलं. सिंधुबाईने करंगळीने नाकतोड्याला ढोसलं. तो कडेवर पडला. पुन्हा ढोसलं.

"भाऊ, उडाड ना त्याले."

"उडत नही, वैनी. एकबी नही उडना. मी दुसरा सोडस." त्याने ओल्या खिशातून साबणाची डबी काढली आणि उघडून दाखवली. आत सडपातळ, हिरवा, हात जोडून बसलेला. "हाऊ दुसरा. रोज दुसरा."

सिंधुबाईचा हात हेमराजच्या डोक्यावरून आपोआप खाली आला. तिने आधी हाताकडे, मग मुलाच्या मानेकडे बघितलं, आणि तोंडात पदर कोंबला.

हेमराज वळला होता. लोट्यात वाकून बघत होता. सहा महिन्यांत तो कुणाशी बोलला नव्हता, म्हणून आवाज आधी फुटलाच नाही.

"काका. मरी गया. पन मोकळा तर व्हयना ना?"

दोधूने लोट्याच्या तळाशी फिरणाऱ्या केसाकडे बोट केलं.

"नही रे बेटा," तो म्हणाला. "तो नही व्हयना मोकळा. मोकळा तो केस व्हयना."

हेमराजने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तो पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. दोधूने लोटा टाकून दिला आणि त्याचं मनगट धरलं.

फटफटीवर तिघं बसले. दोधू पुढे, सिंधुबाई मागे, हेमराज मधे दाबलेला. नंदुरबारच्या वाटेवर जिथे पाटाचं पाणी लागलं तिथे पाठीमागे हेमराजची मान वळल्याचं दोधूला जाणवायचं, आणि तो गाडी आणखी पळवायचा.

डॉक्टरकडे एकविसावा नंबर. बाकावर बसले तर समोरच पाण्याची टाकी, नळ ठिबकत होता. हेमराजची नजर तिथे जाऊन थांबली. दोधू उठला आणि त्याचं मनगट धरून, टाकीला पाठ करून त्याच्यासमोर उभा राहिला. ओल्या खिशातल्या डबीत दुसरा नाकतोडा खरवडत होता. डबी उघडून त्याला सोडून द्यायला दोन्ही हात मोकळे हवे होते.

त्याने मनगट सोडलं नाही.