शांततेचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, पण हे आता मलाच सांगावं लागतं. घरातली मंडळी मला खुराडं म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. माझ्या मागच्या बाकांवर कोंबड्या बसतात, टपावर भोपळ्याचा वेल चढलाय आणि चाकं तर कुणीतरी कधीच काढून नेली. डोंगरातून उतरणारा रस्ता जिथे खाडीवरच्या पुलाला मिळतो, तिथे दोन भावांचं घर आहे. त्या घराच्या परसात मला विटांवर टेकवून ठेवलंय. माझी डावी बाजू मुद्दाम भिंतीकडे केली आहे, कारण ती बघवत नाही.

माझा सांगाडा बोटीतून आला, पण अंग मिळालं ते या बेटावरच, बंदरामागच्या एका शेडमध्ये. एका सुताराने आणि एका पत्र्याच्या कारागिराने मिळून मला घडवलं. दोघांचं एकमेकांशी क्षणभर पटत नसे. सुताराला खिडक्या मोठ्या हव्या होत्या. पत्रेवाल्याचं म्हणणं, एवढी भोकं पाडायची तर मग पत्रा लावायचाच कशाला? शेवटी सुताराने आपलंच खरं केलं. खिडक्या मोठ्या झाल्या, त्यांना काचा लावल्याच नाहीत, पावसासाठी वर ताडपत्री गुंडाळून बांधली. पुढे माझं जे काही नाव झालं, ते या उघड्या खिडक्यांमुळे झालं.

आधी काही वर्षं मी काथ्याच्या कारखान्यातले कामगार नेले-आणले. तेव्हा माझं कौतुक कुणी केलं नाही. कामाला जाताना माणूस बसकडे बघतो कुठे? पुढे कारखाना बंद पडला, मी आवारात गंजत राहिले आणि एके दिवशी हे दोघे भाऊ मला बघायला आले. थोरल्याने आल्याआल्या खाली वाकून माझी चाकं, ब्रेक, सगळं तपासलं. धाकटा आत शिरला, प्रत्येक बाकावर बसून प्रत्येक खिडकीतून बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, हीच घ्यायची. तेव्हाच कळलं, या दोघांत घर कोण चालवतं आणि घराला हसवतं कोण.

थोरला मला चालवायचा आणि धाकटा बोलायचा. बेट पाहायला बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही सकाळी बंदरावर घ्यायचो आणि दिवसभर गावागावांतून फिरवून संध्याकाळी परत सोडायचो. धाकट्याच्या तोंडाचा पट्टा सकाळी जो सुरू व्हायचा, तो काही केल्या थांबायचा नाही. दालचिनीची साल कशी सोलतात, कुठल्या नारळाला पाणी गोड, कुठल्या गावातली माणसं भांडकुदळ, सगळं तो रंगवून सांगायचा. त्यातलं निम्मं खरं असायचं. सगळं बेट त्याला रेडिओ म्हणायचं. थोरला मात्र आरशातून मागे बघायचा आणि गरज पडली तर मान हलवायचा. त्याला सगळे नुसतं दादा म्हणत.

दिवसाच्या शेवटी डोंगराचा घाट यायचा. वरच्या खिंडीपासून खालच्या पुलापर्यंत दाट जंगल आणि सलग उतार. डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला दरी. एकदा खिंडीतच माझं इंजिन बंद पडलं आणि दादाने मला तशीच उतारावर सोडली, म्हणजे वेगात आले की गिअर टाकताच सुरू होईन. तेवढ्या वेळात माझ्या उघड्या खिडक्यांतून जंगलाचा आवाज आत आला. पाखरं, बेडूक, पानांवरून गळणारं पाणी, लांब कुठेतरी धबधबा. पाहुणे श्वास रोखून बसले. आणि नवल म्हणजे रेडिओसुद्धा गप्प बसला.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. खिंड ओलांडली की रेडिओ पायरीवर, माझ्या डाव्या दारात उभा राहायचा, ओठांवर बोट ठेवायचा आणि दादा किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा. शेवटच्या वळणाच्या आधी तो ते पुन्हा सुरू करायचा. रेडिओने त्याला नाव दिलं, शांततेचा उतार. पाहुणे धबधबा विसरायचे, बागा विसरायचे, पण हा उतार विसरायचे नाहीत. पुढे थंडगार हवेच्या, बंद काचांच्या नव्या गाड्या बेटावर आल्या, तरी माझ्यासाठी माणसं बंदरावर खोळंबून राहायची. मला त्याचा गर्व झाला होता, नाही कशाला म्हणू?

खाली घरातही या शांततेची सवय झाली होती. माझी घरघर डोंगरात थांबली, की रेडिओची बायको उठून चुलीवर चहाचं पाणी ठेवायची. पाण्याला आधण येईपर्यंत मी पुलापाशी यायचे आणि पाहुण्यांना घरासमोर चहा मिळायचा.

आता जरा माझ्या पोटातलं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालायचा. इंजिन बंद केलं तर साठलेला जोर दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंत पुरायचा. मग पायाखालचं पेडल दगड व्हायचं. दादाला हे पक्कं ठाऊक होतं. तो फार जपून, अगदी हात राखून तो जोर वापरायचा. पण मी म्हातारी होत चालले होते. इंजिन सुरू करणारा माझा सेल्फ कुरकुर करायचा, सकाळी धक्का मारल्याशिवाय मी जागी व्हायचे नाही. आणि एके दिवशी ब्रेकच्या रबरी नळीला भेग पडली. मेकॅनिकने तिच्यावर रबराची पट्टी गुंडाळली. नवी नळी पुढच्या बोटीने येईल, तोवर इंजिन चालू ठेवूनच उतरा, असं त्याने दोघांनाही बजावलं. दादाने घरी आल्यावर भावाला सांगितलं की नळी येईपर्यंत शांतता बंद. रेडिओने मान डोलावली.

पुढचे काही दिवस आम्ही घरघरतच उतरलो. पाहुण्यांनी नाकं मुरडली. यासाठी थांबलो होतो का, असं एकजण तोंडावर बोलला. रेडिओ हसून वेळ मारून न्यायचा, पण रात्रीचं जेवण त्याला गोड लागत नसे. त्याच्याजवळ दुसरं होतं काय? तो उतार त्याने जगाला दाखवला होता.

मग तो दिवस आला. सकाळ नेहमीसारखीच, स्वच्छ उन्हाची. बंदरावर चढलेल्यांत एक आजी होत्या, त्यांना दिसत नव्हतं. सोबत त्यांची लेक होती. रेडिओने त्यांना पहिल्या बाकावर, दाराजवळ बसवलं. दिवसभर तो त्यांच्यासाठीच बोलत होता. दालचिनीची ओली साल त्यांच्या हातात दिली, बाजारात थांबून फळं हुंगायला लावली, धबधब्याचे तुषार तोंडावर येतील अशा जागी नेऊन उभं केलं. आजी प्रत्येक गोष्टीला हसून हं म्हणायच्या. खिंडीच्या अलीकडे त्यांनी विचारलं की तो गाडी बंद करण्याचा उतार कधी येणार. शेजारणीने सांगितलं होतं म्हणून आपण एवढ्या लांबून आलो, बाकीचं काय, दिसणाऱ्यांसाठी आहे.

रेडिओने दादाकडे पाहिलं. दादाने आरशातून नाही म्हणून मान हलवली. रेडिओ त्याच्या सीटजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "दादा, यांच्यापुरतं. पहिल्या वळणापर्यंत."

खिंड आली. नळीवरची पट्टी त्याने सकाळीच चाचपून पाहिली होती आणि ती घट्ट होती. मागे आजी मान उंचावून, खिडकीकडे कान लावून बसल्या होत्या. दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्याने किल्ली फिरवली.

मी गप्प झाले. जंगल आत आलं. आजींनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रेडिओ पायरीवर उभा राहून त्यांच्याकडेच बघत होता. एवढं समाधान मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या वळणाआधी दादाने ब्रेकवर पाय ठेवला. पट्टी सुटली होती. साठलेला जोर भेगेतून केव्हाच निघून गेला होता. पेडल पहिल्याच दाबाला दगड झालं. दादाने किल्ली फिरवली. सेल्फ नुसताच कुरकुरला. गिअर टाकायला गेला तर माझा वेग इतका वाढला होता की दातऱ्यांनी कडकड करून तो परत फेकला. हँडब्रेक ओढला, त्याचा धूर निघाला. ते वळण कसं निभावलं ते मला अजून सांगता येत नाही.

पुढचं वळण उजवीकडे दरीत बघणारं होतं. दादासमोर एकच उपाय होता, मला डाव्या हाताच्या कातळावर घासत न्यायचं आणि थांबवायचं. आणि माझ्या डाव्या दारात त्याचा भाऊ उभा होता.

रेडिओला आत यायला वेळ होता, मित्रांनो. एक पाऊल टाकलं असतं तर तो बाकांच्या मधे आला असता. पण आजी घाबरून दाराच्या बाजूला कलंडल्या होत्या. त्याने त्यांना आत ढकललं आणि त्यांच्या नि दाराच्या मधे उभा राहून दोन्ही हातांनी दांडा धरला. दादाचे हात चाकावर थिजले होते. तेव्हा रेडिओ त्याला म्हणाला, अगदी रोजच्या आवाजात, पुढचं गाव दाखवावं तसा:

"डोंगराला घे, दादा."

दादाने घेतली.

मी थांबले. कुणाचा हात मोडला, कुणाचं डोकं फुटलं, पण बाकीचे सगळे जिवंत खाली उतरले. पत्रेवाल्याने नाइलाजाने बसवलेला माझा पत्रा कागदासारखा चुरगळला होता. इंजिन बंदच होतं, त्यामुळे जंगल आपलं गातच होतं.

खाली घरी रेडिओच्या बायकोने चहाचं पाणी ठेवलं होतं. माझी घरघर थांबलेली तिने ऐकली होती. नळी बदलली वाटतं, असं ती जावेला म्हणाली. पाण्याला आधण आलं, पाणी आटलं, भांडं करपलं, तरी घरघर परत आली नाही.

त्यानंतर दादाने कुठल्याच गाडीचं चाक हातात धरलं नाही. मला ओढून इथे आणलं ते त्यानेच. भंगारवाला आला तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी कधीकधी तो माझ्यात येऊन आपल्या जागेवर बसतो, कोंबड्या त्याला घाबरत नाहीत. ब्रेकवर पाय ठेवतो आणि दाबून धरतो. डावीकडे तो बघत नाही. भावजय त्याच्याशी बोलते, त्याला ताट वाढते, एका शब्दाने कधी दुखवत नाही. तिने दुखवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

त्या आजी एकदा आल्या होत्या. लेकीचा हात धरून दादाच्या बाजूच्या दारातून माझ्यात चढल्या आणि चाचपत चाचपत वाकलेल्या दांड्यापाशी पोचल्या. तो धरून उभ्या राहिल्या. "मीच म्हटलं होतं, ऐकवा म्हणून," त्या म्हणाल्या.

दादा बाहेर उभा होता. "तुम्ही नुसतं मागितलंत, आजी," तो म्हणाला. "किल्ली माझ्या हातात होती."

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण बेटावरच्या बाकीच्या चालकांचं रेडिओवर फार प्रेम होतं. त्याच्या बाराव्या दिवसानंतर त्यांनी एक ठरवलं. त्याला मान म्हणून प्रत्येक गाडीने त्या उतारावर इंजिन बंद करायचं. पाहुण्यांना ते फार आवडलं. आता खिंडीत पाटीसुद्धा लागली आहे, शांततेचा उतार. ज्या गाड्यांच्या काचा कधी उघडत नव्हत्या, त्याही तिथे काचा खाली करतात.

दादा सुरुवातीला रोज रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. दोन्ही हात वर करून गाड्या थांबवायला बघायचा. चालकांना वाटायचं तो हात करतोय, ते आदराने हात करून पुढे जायचे. पाहुणे त्याचे फोटो काढायचे. एकाला त्याने पुलापाशी गाठलंच आणि हात जोडून सांगितलं की बाबांनो, हे करू नका. तो मुलगा चांगला होता, खाली उतरून त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, आमच्या गाड्या नव्या आहेत."

मीही नवी होते, मित्रांनो.

आता दादा रस्त्यावर जात नाही. पण रोज दुपार कलली की डोंगरातून एकेक गाडी येते आणि खिंडीत तिची घरघर थांबते. कोंबड्यासुद्धा माना वर करतात. स्वयंपाकघरात रेडिओची बायको हातातलं काम टाकून उठते. चहाचं पाणी ती ठेवत नाही. उंबऱ्यात येऊन उभी राहते आणि घरघर परत ऐकू आली की आत जाते. मग पुढची गाडी येते आणि ती पुन्हा उठते. परवापासून त्या गाड्यांतल्या एकीचा सेल्फ कुरकुरतोय. तो आवाज मी लांबूनही ओळखते.

मी बोलले तरी चालकांना ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते. कधी या बेटावर आलात आणि घाटात कुणी ओठांवर बोट ठेवून गाडी बंद केली, तर जंगल ऐकत बसू नका. मोठ्याने बोला, किल्ली फिरवायला लावा. खाली दारात एक बाई उभी आहे.