ग्लेंडाबाईंचं गवत

"अंगणातली हिरवळ म्हणजे वाळवंटाच्या घशावर दिलेला पाय," निवडुंगांच्या वाफ्यापाशी उभ्या राहून ग्लेंडाबाई सांगत होत्या, आणि रुंद टोप्या घातलेले पाहुणे शाळेतल्या पोरांसारखे माना डोलवत होते. अमेरिकेतल्या टूसॉन शहराच्या वेशीवरच्या त्या वाळवंट केंद्रात बिनपगारी मार्गदर्शक पुष्कळ होते, पण बाईंसारखं बोलणारं कुणी नव्हतं. त्यांचं ऐकून कितीतरी लोकांनी घरचं गवत उपटून खडी पसरली होती. एका भाविकाने त्या भरात बायकोचे गुलाबही उपटले होते, आणि ती बायको केंद्रात येऊन बाईंशी तासभर भांडून गेली होती.

आणि खुद्द बाईंच्या परसात, उंच भिंतीआड, हिरवंगार गवत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणावं, तर हा पाषाण रोज पहाटे पाणी पिऊन चांगला ओला होत होता.

गवत चेस्टरचं, बाईंच्या नवऱ्याचं होतं. बाईंचे सांधे धरले तेव्हा डॉक्टरांनी कोरडी हवा सुचवली, आणि त्याने आयोवा राज्यातलं घर, भावंडं, सगळं सोडलं. बदल्यात एवढंच मागितलं, मागे थोडं गवत असू दे. दोन वर्षांपूर्वी तो गेला. बाईंचा हात काही नळावरून निघेना.

त्या दिवशी केंद्राच्या संचालिका मार्सेला म्हणाल्या, "या वर्षी लोकांना घरोघरच्या बागा दाखवायची सुरुवात तुमच्याकडूनच. तुमची बाग आम्हीसुद्धा कधी पाहिली नाही."

बाईंनी घराला रंग काढल्याचं सांगितलं. मग कुत्रा चावरा असल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे कुत्रा नाही हे सगळ्या केंद्राला ठाऊक होतं. शेवटी त्या हो म्हणाल्या, आणि घरी येऊन नळ बंद करून बसल्या. एप्रिलचं ऊन आपलं काम चोख करील, असा हिशेब होता. पण पाती पिवळी पडू लागली तसं बाईंना जेवण जाईना. त्या चहाची किटली भरून बाहेर गेल्या. "एवढंच हं, चेस्टर," असं बजावून त्यांनी एका कोपऱ्याला पाणी घातलं. मग दुसऱ्या कोपऱ्याने काय पाप केलं होतं? संध्याकाळपर्यंत नळ पुन्हा सुरू झाला.

शनिवारी मंडळी आली. बाईंनी फाटक उघडलं. मागून कुणीतरी हळूच विचारलं, चुकीच्या घरी तर आलो नाही ना?

"घर बरोबर आहे," ग्लेंडाबाई म्हणाल्या. "बाई चुकीची आहे."

मग त्यांनी नेहमीच्याच खणखणीत आवाजात सगळं सांगितलं, गवत किती पाणी पितं तेही आणि ते कुणाचं आहे तेही. बोलून झाल्यावर छातीवरचा नावाचा बिल्ला काढला आणि मार्सेलांपुढे धरला. एवढ्या वर्षांत मिळवलेलं नाव त्या बिल्ल्यावर होतं.

मार्सेलांनी तो घेतलाच नाही. त्या वाकून बुटाच्या नाड्या सोडत होत्या. त्यांचं लहानपण ओरेगनच्या पावसात गेलं होतं. अनवाणी पायांनी त्या गवतात गेल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मिनेसोटाच्या हिरव्या मुलखातून आलेले एक आजोबा गेले, मग गुलाबांवरून भांडून गेलेली ती बाईसुद्धा. हिरवळीच्या नावाने रोज बोटं मोडणारी ती सारी मंडळी बूट काढून गवतात पाय रोवून उभी होती.

"बिल्ला लावा," निघताना मार्सेला म्हणाल्या. "पण ग्लेंडा, हे जायला हवं."

"कळतं मला. पुढच्या शनिवारी कुदळी घेऊन या."

पुढच्या शनिवारी सगळे कुदळी खांद्यावर टाकून आले, तर भिंतीपलीकडून खरखर ऐकू येत होती. ग्लेंडाबाई घामाघूम होऊन गवत कापायचं हातयंत्र ढकलत होत्या. एकेक पट्टा सरळ, आखून घेतल्यासारखा पडत होता.

"अहो, आज उपटायचंच आहे ना?" मार्सेलांनी विचारलं. "मग कापताय कशाला?"

"पाहुणे यायचे असले की चेस्टर ते वाढलेलं ठेवत नसे," बाई म्हणाल्या, आणि राहिलेल्या पट्ट्याकडे वळल्या.

मंडळींनी कुदळी भिंतीला टेकवल्या आणि त्यांचं आटपेपर्यंत वाट पाहिली.